पाठीवरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची ताटली आहे. मला उलटी केलीत तर पाठीवर घासलेला पांढुरका पट्टा दिसेल. तिथे पूर्वी एक नाव होतं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. का सांगणार नाही, हीच माझी गोष्ट आहे.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला आठवत नाही. आठवतं ते जुन्नरचं भांड्यांचं दुकान. तिथे दाराशी महंमद हनीफ चाचा नावं घालायचं मशीन घेऊन बसत. भाची पहिलीत जाणार म्हणून एका मामाने मला घेतलं. चाचांनी माझ्या पाठीवर तिचं नाव, आडनाव, गाव आणि 'मामाकडून सप्रेम भेट' असं सगळं गुर्रगुर्र करत कोरलं. दुखलं, पण मी मिरवत होते. नावाचं भांडं लग्नकार्यातूनसुद्धा घरी परत येतं, असं चाचा म्हणायचे. गंमत अशी की एकदा घातलेलं नाव पुढे कुणी वाचत नाही. शेजारणीशी अदलाबदल झाली तरच भांडं उलटं होतं.

त्या भाचीला आपण प्राची म्हणू. हे तिचं खरं नाव नाही, तिनेच निवडलेलं आहे. तिची शाळा रस्त्याला, वस्ती आत, आणि मधल्या पायवाटेच्या दोन्ही अंगांना ऊस. शाळेत दुपारी खिचडी मिळायची, तेवढ्यासाठी मी दप्तरातून जायचे. दोन वर्षं माझं काम एवढंच होतं. सुखाचे दिवस होते ते.

मग उसात बिबट्या वावरू लागला. आधी वस्तीवरची कुत्री गेली, मग एक वासरू गेलं. तेव्हापासून प्राची मला दप्तरात ठेवेना. शाळा सुटली की एका हातात मी, दुसऱ्या हातात चमचा, आणि ठण ठण ठण करत ती निघायची. वस्तीवरून तिची आई परात बडवून उत्तर द्यायची. परात ऐकू आली की प्राची पळत सुटायची.

मी स्टीलची असले तरी मनाची फार भित्री आहे. ताटली जेवायला असते, बिबट्याशी दोन हात करायला नसते. आणि ताटली वाजली म्हणजे जेवण आलं, असं त्याला वाटलं तर? दर ठोक्याला मला हीच धास्ती.

एका डिसेंबरात दिवस कलताना ऊस हलला. वारा नव्हता. प्राची जागच्या जागी थांबली आणि चमचा तिच्या हातातून पडला. वाकलं की बिबट्या झडप घालतो, असं वस्तीवर सगळे सांगत, म्हणून तिला तो उचलवेना. तिने मला मुठीने बडवलं, मग कडेच्या उंच दगडावर आपटलं. माझ्या काठाला दोन पोचे पडले. पण आवाज बद्द बद्द येत होता, आईपर्यंत पोचेना. परात वाजली नाही. उसात काय होतं ते आम्हा दोघींना शेवटपर्यंत दिसलं नाही. दिसलं असतं तर बरं झालं असतं, इतकी त्या न दिसण्याची भीती होती. प्राची घरी पोचली ती तापाने फणफणत. पुढे एकोणीस दिवस ती शाळेत गेली नाही.

हजेरीपटावर मात्र ती एकोणीसही दिवस हजर होती.

त्याच महिन्यात शाळेत श्रेया येऊ लागली. श्रेया कळंबची, पुण्याला विद्यापीठात एम.एड. करते. बिबट्याच्या भागात मुलं शाळेत किती येतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. ती स्कूटीवरून यायची, व्हरांड्यात बसून डोकी मोजायची. पटावर अकरा हजर, वर्गात चार. प्राची पुन्हा शाळेत आली तेव्हा मला नळावर विसळता विसळता तिने श्रेयाला कोडं उलगडून सांगितलं.

"ताई, कुणाला सांगणार न्हाई ना?"

"नाही. तुझं नावसुद्धा बदलून लिहिते. काय ठेवू?"

"प्राची. हे नाव हितं कुणाचंच न्हाई." मग ती हळूच म्हणाली, "आमचे सर लई चांगलेत. आमी आलो न्हाई तरी हजेरी लावत्यात. पोरं कमी दिसली तर शाळा बंद करत्यात ना. मग पल्याडच्या शाळेला जावं लागंल, तीन किलोमीटर उसातनं. आय मला पाठवायची न्हाई. माजी शाळाच सुटंल."

श्रेयाने वहीत सगळं लिहिलं, पण कुणाचंही नाव लिहिलं नाही. शाळेचे फोटो काढले त्यातून पाटी वगळली. इतकी जपणारी मुलगी! आणि तरी निघताना तिने मला मागितलं.

"विद्यापीठात मोठ्या लोकांसमोर हे मांडायचंय. तुझ्या ताटलीचा आवाज त्यांना ऐकवते. देशील?"

"माघारी आणा बरं का. तवर मी तेलाचा डबा वाजवते," प्राची म्हणाली. दोघींपैकी एकीनेही मला उलटी करून पाहिलं नाही.

पुण्यापर्यंत मी पिशवीत थरथरत होते. माझ्या पाठीवर नाव आहे, गाव आहे, ओरडून सांगावं असं वाटत होतं. पण आम्हा भांड्यांना कुणी वाजवलं तरच आवाज, आणि तोही एकच. ठण.

चर्चासत्राचं दालन मोठं होतं. विद्यार्थी एकेक करून आपलं संशोधन मांडत होते आणि दहा मिनिटं झाली की घंटी वाजायची. पहिल्या रांगेत शिक्षण खात्यातले एक मोठे साहेब पाहुणे म्हणून बसले होते. पडद्यावर तिने फक्त 'शाळा क्रमांक तीन' आणि 'विद्यार्थिनी क्रमांक सात' असं दाखवलं. पटावरचे अकरा सांगितले, वर्गातले चार सांगितले. मग मला उचललं आणि वाजवलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. एरवी मी फुशारले असते, पण माझं सगळं लक्ष पाठीकडे होतं.

साहेब म्हणाले, "खोटी हजेरी लागते, ही गंभीर बाब आहे. कुठली शाळा ही?"

"सर, नाव सांगता येणार नाही. तसा शब्द दिलाय मी."

"बरं, बरं. ती ताटली तरी आणा इकडे, बघू."

श्रेया मला घेऊन निघाली. सात-आठ पावलांचं अंतर होतं. साहेबांचा हात पुढे आला होता. मला उसातला तो दिवस आठवला; पण तिथे निदान प्राची मला बडवत तरी होती. इथे मी अगदी मुकी होते. शाळा जाणार, सर जाणार, माझी प्राची घरी बसणार, आणि हे सगळं माझ्यामुळे!

तेवढ्यात श्रेयाचा अंगठा माझ्या पाठीवर सरकला. कोरलेल्या अक्षरांवरून गेला. थांबला. पुन्हा मागे आला.

ती वाटेतच उभी राहिली. तिने मला छातीशी घट्ट धरलं. तिचं काळीज माझ्यावर धडधडत होतं, चमच्यासारखं.

"माफ करा सर, ही देता येणार नाही."

"का?"

"हिच्यावर मुलीचं नाव आहे. माझी चूक झाली. मी ही आणायलाच नको होती."

"म्हणजे तुम्ही पुरावा लपवताय?"

"हो सर," श्रेया म्हणाली. "नाव कळलं तर शाळा बंद होईल. बिबट्या तिथेच राहील."

कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि घंटी वाजली. शाळेचं नाव दिल्याशिवाय चर्चासत्राच्या पुस्तकात तुझा निबंध घेणार नाहीत, असं तिच्या मार्गदर्शक मॅडमनी नंतर बाहेर येऊन सांगितलं. श्रेयाने नाव दिलं नाही. तिचं वर्षभराचं काम पुस्तकाबाहेर राहिलं. पिशवीत तिच्या मांडीवर बसून मी ते सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन थेट जुन्नरला हनीफ चाचांकडे गेली.

"बेटा, नाव घालाया समदे येत्यात," चाचा चष्मा वर करत म्हणाले. "पुसाया आलेली तू पयलीच."

या वेळी फारच दुखलं. पण मी कुरकुरले नाही.

श्रेया शाळेत पोचली तेव्हा नुकतीच शाळा सुटली होती. प्राचीने मला घेतलं आणि उलटी केली. "ताई, माजं नाव?"

श्रेयाने काही न लपवता सगळं सांगितलं आणि माफी मागितली. मोठं माणूस लहान मुलाची माफी मागतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सरांचं नाव न्हाई ना सांगितलं?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या." प्राचीने माझ्या काठावरून बोट फिरवलं. "मला पोच्यावरनं वळखू येती."

ऊन उतरलं होतं. श्रेया म्हणाली, "चल, वस्तीपर्यंत सोडते."

"नगं ताई. मग माघारी तुमाला एकटीला यावं लागंल. तुमच्याकडं ताटली न्हाई."

ती निघाली. ठण ठण ठण. श्रेया रस्त्यावर स्कूटीशेजारी उभी राहिली. दोन्हीकडे ऊस होता आणि तो आमच्याहून उंच होता. बराच वेळ पलीकडून काही ऐकू येईना. प्राची मला आणखी जोरात वाजवू लागली. मग लांबून परात वाजली. श्रेयाने स्कूटी सुरू केल्याचा आवाज त्यानंतरच आला.

मित्रांनो, साहेबांनी त्या कागदावर काय लिहिलं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. शाळेसमोर सरकारी जीप थांबली की माझ्या काठात अजून कंप भरतो. म्हणून एवढंच सांगते. कुणी विश्वासाने आपली गोष्ट तुमच्या हाती दिली, तर ती चारचौघांत नेण्याआधी एकदा उलटून बघा. मागे कुणाचं तरी नाव असतं.

आणि एक मागणं आहे. सध्या दिवस लहान आहेत, लवकर अंधारतं. रस्त्याने जाताना तुम्हाला उसातून ठण ठण असा आवाज आला तर हसू नका. गाडी थांबवायला सांगा. पलीकडून परात वाजेपर्यंत थांबा.