उंबऱ्यापाशी सांडलेलं पाणी

मी एक जुनी तांब्याची कळशी आहे. पोटाला मोठा पोचा आहे, कडी जराशी वाकडी आहे, पण गळत मात्र नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण म्हाताऱ्या भांड्याला बघून लोकांच्या मनात पहिली शंका तीच येते.

माझा जन्म बल्गेरियातला, डोंगराखालच्या एका लहान गावातला. जन्म कसला, नुसता मार! कोल्यो नावाच्या तांबटाने पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. "ठोकल्याशिवाय तांब्याला आकार येत नाही आणि पोराला अक्कल येत नाही," असं तो म्हणायचा. तांब्याचं मला पटतं. पोराचं नाही, कारण त्याचा स्वतःचा पोरगा रोज ठोकून घेऊनही होता तसाच राहिला.

नेदाच्या आईने मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं. आमच्याकडे नवरी बापाच्या घरातून बाहेर पडते तेव्हा उंबऱ्यापाशी पाण्याने भरलेली कळशी ठेवतात, त्यात एक फूल टाकतात, आणि नवरीने ती पायाने लवंडायची असते. पाणी जितकं लांब वाहील तितकं तिचं नशीब लांब जातं म्हणे. नेदा तेव्हा एकोणीस वर्षांची होती, अंगाने काटक आणि पायाने खमकी. तिने अशी लाथ हाणली की मी गडगडत जाऊन अंगणातल्या दगडी हौदावर आपटले. नवऱ्यामुलाचा काका ओरडला, "अरे बापरे! पोरा, बायको आणतोयस की घोडी?" सगळं गाव हसलं. माझ्या पोटाचा पोचा तो हा. नेदाने तो कधी काढून घेतला नाही, आणि मीही कधी तक्रार केली नाही.

पुढची वर्षं कामात गेली. कावडीच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला माझी जोडीदारीण, असं आम्ही झऱ्यावरून पाणी वाहिलं. वसंतात कल्हईवाले यायचे, भाता फुंकायचे, आणि मी आतून चांदीसारखी होऊन घरी यायचे. पण माझा खरा मान वेगळा होता. घरातलं कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं की नेदा मला भरायची, फूल टाकायची आणि त्याच्यापुढे दारात पाणी सांडायची. काम पाण्यासारखं न अडखळता पुढे जावं, म्हणून. नवरा लष्करात गेला तेव्हा तिने पाणी सांडलं. मुलगा प्लामेन पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा सांडलं. तो बायकोला घेऊन इटलीला कामाला निघाला तेव्हाही सांडलं. त्या दिवशी जरा जास्तच सांडलं असावं, कारण तो गेला तो तिकडचाच झाला.

मग गावात नळ आले, प्लास्टिकच्या बादल्या आल्या. जोडीदारीण भंगारात गेली. मला खिळ्यावर टांगलं, नंतर माझ्यात कांदे ठेवले. कांद्यांशी माझं वैर नाही, पण त्यांच्याशी बोलणार तरी काय?

नेदाचा नवरा वारला, ती आजी झाली, आणि एका मे महिन्यात प्लामेनचा फोन आला. इटलीत जूनमध्ये शाळा बंद होतात त्या थेट सप्टेंबरात उघडतात. नवराबायको दोघंही कामावर. मुलांकडे बघणार कोण? शिवाय सून देनित्सा हॉटेलातल्या खोल्या झाडून कंटाळली होती, तिला रुग्णालयात मदतनीस व्हायचं होतं, त्याची परीक्षा याच उन्हाळ्यात होती. "आई, तू येशील का?"

येशील का म्हणजे काय! नेदाने कोंबड्या शेजारच्या स्तांकाकडे सोपवल्या आणि सगळ्या गावाला सांगून टाकलं की आता आपण दर उन्हाळ्यात नातवंडांकडे जाणार. मला प्लामेनच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून पिशवीत कोंबलं. स्तांका म्हणाली, "अगं, तिकडे कळशी कशाला? तिकडे काय नळ नसतात?"

"असतात," नेदा म्हणाली. "पण नळ काय दारात लवंडता येतो?"

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. इस्क्रा नऊ वर्षांची, मिरो चार वर्षांचा. दोघांना आमची भाषा कळायची, पण इस्क्रा उत्तर इटालियनमध्येच द्यायची. आजी आल्याबरोबर खिडक्या लावत सुटली. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या तर मधल्या वाऱ्याच्या झोतात बसलेला माणूस आजारी पडतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. देनित्सा मागोमाग येऊन त्या उघडायची.

"आई, घामाने मरतील पोरं!"

"घामाने कोणी मेलेलं मी ऐकलं नाही. झोताने मेलेले मला चौघं माहीत आहेत."

"आजी, आता तू पाचवं नाव शोधून ठेवलंस ना?" इस्क्रा म्हणाली. निदान ते तरी ती आमच्या भाषेत म्हणाली.

देनित्साने पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं. "आई, हा उन्हाळा बघू. जमलं तर दरवर्षी या. नाही जमलं तर मुलांना शिबिरात घालायची सोय बघावी लागेल." सून वाईट नव्हती, दमलेली होती. पण ते 'जमलं तर' नेदाच्या छातीत अडकून बसलं. ती मिरोला घास भरवताना, इस्क्राची वेणी घालताना सारखी सुनेच्या चेहऱ्याकडे बघायची.

परीक्षेचा दिवस आला. नेदाने मला घासून लखलखीत केलं, काठोकाठ भरलं, गॅलरीतलं जिरेनियमचं लाल फूल टाकलं. देनित्सा घाईघाईने चप्पल घालत होती. नेदाने दार उघडलं आणि तिच्यापुढे जिन्यावर माझ्यातलं सगळं पाणी ओतलं. "पाण्यासारखं जाऊ दे गं तुझं काम!" देनित्सा हसली, पाणी ओलांडून पळाली. तोवर सगळं रीतीप्रमाणे झालं.

आता एक गोष्ट सांगते. आमच्या गावी दारापुढे माती असते. मातीला पाणी पिता येतं. त्या जिन्याचा दगड गुळगुळीत होता, त्याने एक थेंबही प्यायला नाही. सगळं पाणी पायरी पायरीने खाली उतरत गेलं. नेदाच्या डोक्यात हे आलंच नाही. ती खिडकीत उभी राहून सून रस्त्यावर दिसायची वाट बघत होती. सून दिसली, आणि दिसल्याबरोबर मागे फिरली. ओळखपत्र विसरलं होतं.

"मागे फिरू नकोस गं! मी टाकते वरून!" नेदा ओरडली. निघालेल्याने मागे फिरणं आमच्याकडे अशुभच. पण देनित्सा तोवर जिन्यात शिरली होती. मग एक किंकाळी आली. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या ब्रुनाबाई दार उघडून हात नाचवत बाहेर आल्या. पायरीवर देनित्सा घोटा धरून बसली होती, आणि शेजारी लाल फूल पडलं होतं.

पाय मोडला. परीक्षा हुकली. पुढची सप्टेंबरात.

प्लास्टर घालून घरी आल्यावर देनित्सा सोफ्यावर बसली आणि तिचा बांध फुटला. "सहा महिने, आई! सहा महिने मी कामावरून येऊन डोळे ताणून अभ्यास केला! आणि तुमच्या त्या कळशीने सगळ्यावर पाणी फिरवलं! आता पाय असा आहे म्हणून नाइलाज आहे. पण पुढच्या वर्षी मुलांचं आमचं आम्ही बघू."

प्लामेन "अगं, जरा…" म्हणाला आणि दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मिरोला घेऊन बागेत गेला. नेदाने तिच्या प्लास्टरखाली उशी सरकवली. तिला फार वाईट वाटलं होतं, आणि त्यात देनित्साचं काही चुकत नव्हतं, हे तर त्याहून वाईट.

मला गॅलरीत नेऊन ठेवलं. इस्क्राने माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. कांद्यांनंतर चिमटे. भांड्याची उतरती कळा ही अशी असते, मित्रांनो.

उन्हाळा चालत राहिला. सून पाय वर करून बसलेली, त्यामुळे सगळं घर नेदावर पडलं. ती सूप करायची, कपडे वाळत घालायची, मिरोला बागेत न्यायची, ब्रुनाबाईंकडे भरलेल्या मिरच्यांची ताटली द्यायची. खिडक्यांबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. दोन्ही उघड्या असल्या की ती आपली शाल घेऊन कोपऱ्यात बसायची. एकदा देनित्साने ते पाहिलं. उठून लंगडत गेली आणि एक खिडकी लावली.

इस्क्रा चिमटे घ्यायला यायची. एक दिवस तिने माझ्या पोटावर बोट फिरवलं. "आजी, हा खड्डा कसला?"

आजीने लग्नाची गोष्ट सांगितली. काकाची घोडी आली तेव्हा इस्क्रा खो खो हसली. "तू लाथ मारलीस? तू?"

"मग काय तुझ्या आजोबांनी? ते बिचारे घाबरून मागे सरकले होते."

"मग आईसाठी पाणी सांडलंस ते पण तसलंच होतं?"

"तसलंच," नेदा म्हणाली आणि चिमट्याने मिरोची चड्डी दोरीला लावली. "फक्त जागा चुकली."

प्लास्टर निघालं तेव्हा ऑगस्ट अर्धा झाला होता. देनित्साला सराव हवा होता. रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं, तो पलंगावर असतानाच चादर कशी बदलायची. रुग्ण आणायचा कुठून? नेदा चपला काढून सरळ पलंगावर आडवी झाली. मला गॅलरीच्या काचेतून सगळं दिसायचं. असा खवट रुग्ण अख्ख्या इटलीत नसेल.

"अगं, मी काय बटाट्याचं पोतं आहे का? हळू वळव!"

"आई, रुग्ण बोलत नसतात!"

"जिवंत असले तर बोलतात!"

मिरो डॉक्टर व्हायचा, लाकडी चमचा आजीच्या छातीला लावायचा आणि गंभीरपणे सांगायचा की आजीला सूप दिलं पाहिजे. देनित्सा हसून हसून चादरीवर बसायची. मग परत पहिल्यापासून सुरू. रोज, जेवणानंतर. पण पुढच्या वर्षाबद्दल ती काही बोलली नाही, आणि नेदानेही विचारलं नाही.

सप्टेंबरातली ती सकाळ उजाडली. नेदा स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून शेंगा सोलत बसली. मुद्दामच. "जा, नीट जा," एवढंच म्हणाली.

देनित्सा दारापर्यंत गेली. तिथेच उभी राहिली.

"आई, ओळखपत्र घेतलं. पेन घेतलं."

"बरं झालं."

"तुम्ही काही विसरला नाहीत ना?"

शेंग सोलणारा हात थांबला. "विसरले नाही गं. पण मी आता त्या भानगडीत पडत नाही."

"पडले मी होते, तुम्ही नाही!" देनित्सा म्हणाली. "मी अशी कोरडी जाणार नाही, सांगून ठेवते. फक्त जिन्यात नको. खाली मातीत."

नेदा उठेपर्यंत इस्क्राने सगळे चिमटे गॅलरीत ओतून मला नळाखाली धरलंसुद्धा. गॅलरीतली फुलं सुकली होती म्हणून तिने उतरताना ब्रुनाबाईंच्या कुंडीतलं एक तोडलं. "माझं फूल!" ब्रुनाबाई आतून ओरडल्या, आणि मग बघायला त्याही खाली आल्या. आवारात अंजिराचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी नेदाने मला लवंडलं. कितीतरी दिवसांनी माझ्यातून पाणी वाहिलं. मातीने ते बघता बघता पिऊन टाकलं. देनित्साने ओल ओलांडली आणि ती फाटकाकडे चालू लागली.

"आई, मागे बघू नकोस!" इस्क्रा ओरडली. आमच्या भाषेत, अगदी नेदाच्या सुरात. देनित्साने मागे पाहिलं नाही.

निकालाला अजून वेळ होता आणि नेदाची बस त्याआधीच होती. तिने मला स्वेटरात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं. देनित्सा आली, तिने पिशवी उघडली आणि मला बाहेर काढलं.

"ही राहू दे इथे."

"अगं, माझी आहे ती."

"तुमचीच आहे. पण जूनमध्ये परत आणायचीच ना? हे ओझं कशाला न्यायचं-आणायचं?"

नेदा पिशवीची चेन लावू लागली. चेन काही लागेना. ती बराच वेळ खाली मान घालून ती ओढत राहिली, आणि देनित्साही तिथून हलली नाही.

नेदा निघाली तेव्हा अंजिराखाली इस्क्राने मला भरून दोन्ही हातांनी उचललं. नेदाने तिच्या मनगटावर हात ठेवला. "थोडंच ओत गं, बाळा. मला फार लांब जायचं नाहीये."

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं एखादं भांडं असेल तर त्याला घासूनपुसून शोभेसाठी कपाटावर ठेवू नका. त्यात चिमटेही भरू नका. पाणी भरा, आणि ते सांडायला जरा माती शोधा. मी गॅलरीतच आहे, पण आता रिकामी. चिमट्यांना इस्क्राने दुसरा डबा दिला आहे. आजी आली की आधी मला कल्हई करून घ्यायची आहे, असं ती रोज आईला बजावते.