डावा इंडिकेटर

असलमने जॅक सोडला. काँटेसा हळूच खाली आली, चारही चाकांवर टेकली आणि एकदा अंग हलवून स्थिर झाली. कित्येक महिन्यांनी ती जमिनीला लागली होती. असलम तिच्याभोवती एक फेरी मारून आला, चिंधीला हात पुसत उभा राहिला आणि कुणी कौतुक करायच्या आतच स्वतःवर खूश झाला. धुळ्यात जुन्या गाड्यांची इंजिनं उतरवणारे पायलीचे पन्नास होते. पण हाताने गिअर टाकायच्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवणारा तो एकटाच, निदान आजपुरता तरी.

"बसा नाना," तो म्हणाला. "गाडी तुमची."

प्रेमराजनाना काठी टेकत उठले. नाना नरडाण्याचे. एका जिनिंगवाल्या शेठची हीच गाडी त्यांनी ड्रायव्हर म्हणून उमेद होती तोवर चालवली, आणि शेठ गेल्यावर त्याच्या मुलांनी 'इथे धूळ खाण्यापेक्षा तुम्हीच न्या' म्हणून ती नानांना देऊन टाकली. गाडी स्वतःची झाली आणि वर्षाच्या आत नानांना झटका आला, डावी बाजू लुळी पडली. हात बराचसा परत आला. पाय मात्र अर्धाच आला. चालायला पुरे, क्लच दाबायला अपुरा. तेव्हा त्यांनी असलमला गाठून विचारलं होतं, "हाई गाडी बिगर क्लचनी करी देशी का?"

असलमने आधी ते हसण्यावारी नेलं. मग मालेगावच्या भंगारात याच इंजिनाला बसेल असा एक जपानी बॉक्स सापडला आणि त्याला चेव चढला. बॉक्स जुन्यापेक्षा लांब. दोन सीटांच्या मधला पत्रा कापून वर उचलावा लागला, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लेथवर आखूड करावा लागला, आणि शेवटी क्लचचा पेडल काढून ती जागा बंद करावी लागली. तो पेडल काढताना असलमचं मन खट्टू झालं होतं. कापलेला पत्रा जोडता येतो, पण गाडी काही पहिल्यासारखी होत नाही.

नाना मध्येमध्ये एसटीने काम पाहायला येत. सोबत त्यांची बायको, रत्नाअक्का. अक्कांचं माहेर नाशिकचं; इतकी वर्षं नरडाण्यात काढूनही अहिराणी त्यांच्या तोंडी बसली नव्हती, यावरून नाना त्यांना चिडवत. प्रत्येक खेपेला नाना आधीपेक्षा जास्त चालून दाखवत. आधी दोघांच्या आधाराने, मग अक्कांच्या खांद्यावर हात ठेवून, मग नुसत्या काठीवर. "गाडी तयार व्हयी तवलोंग मी बी तयार," असं ते म्हणत, आणि असलमला ते फार आवडायचं.

आता नाना स्टिअरिंगमागे बसले. उजवा पाय ब्रेकवर ठेवला, डावा मागे ओढून घेतला आणि इंजिन सुरू केलं. चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की असलमने नजर दुसरीकडे वळवली.

गाडी ताब्यात देताना असलमची एक पद्धत असे, वडिलांपासून चालत आलेली. गिऱ्हाइकाने आत बसायचं, आपण गाडीसमोर उभं राहायचं, तोंडाने काही बोलायचं नाही. ज्या बाजूचा हात वर होईल त्या बाजूचा इंडिकेटर लावायचा. दोन्ही हात वर झाले की मोठे दिवे. ठोकाठोकीत कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, त्यातून निघालेली ही हातांची भाषा. नानांना ती शेठच्या काळापासून पाठ होती.

असलमने नानांच्या उजव्या बाजूचा हात वर केला. उजवा इंडिकेटर उघडझाप करू लागला.

त्याने तो हात खाली घेतला आणि दुसरा वर केला. डावा इंडिकेटर लागला नाही.

पत्रा कापताना एखादी वायर दुखावली असणार, असं त्याच्या मनात आलं आणि तो स्वतःवरच वैतागला. बॉनेट उघडून त्याने वायर तपासली, फ्यूज पाहिला, बल्ब काढून घासून पुन्हा बसवला. सगळं ठणठणीत होतं. पुन्हा समोर येऊन हात वर केला. पुन्हा काही नाही. नाना शांतपणे समोर पाहत वाट बघत होते.

"नाना, डावा लावा," शेवटी असलम तोंडाने म्हणाला.

डावा इंडिकेटर लगेच लागला.

असलम क्षणभर त्या पिवळ्या दिव्याकडे पाहत राहिला. मग त्याने दोन्ही हात वर केले. नानांनी मोठे दिवे लावायला हवे होते. त्यांनी उजवा इंडिकेटर लावला.

असलमचे हात खाली आले. मग एकेक आठवायला लागलं. डाव्या हाताशी ठेवलेला चहा नानांनी न पिता तसाच ठेवला होता, आणि 'अजून चहा ऊना नही का' असंही विचारलं होतं. येताना त्यांचा डावा खांदा शटरच्या खांबावर दर वेळी आपटायचा. असलमने ते सगळं पायाच्या खात्यावर टाकलं होतं. गाडी एका बाजूला ओढते म्हटलं की चाक पाहायचं, इतकंच त्याला माहीत.

"एक मिनिट नाना, पाना राहिला," असं पुटपुटत तो मागे गेला. अक्का बाकावरून उठून तिथेच आल्या होत्या.

"कळलं तुला," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"डावीकडचं दिसत नाही त्यांना?"

"डोळे चांगले आहेत. डोक्यातच ती बाजू पोचत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना स्वतःलाही कळत नाही. जे दिसत नाही ते तिथे नाहीच, असं वाटतं त्यांना."

"आणि तुम्ही मला ही गाडी कापू दिली?" असलमचा आवाज चढला. "मी तिचं पोट फाडलं, अक्का."

"बरोबर आहे तुझं." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "नाशिकच्या दवाखान्यात ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. जेवण नाही, व्यायाम नाही. ज्या दिवशी ही बिनक्लचची गाडी त्यांच्या डोक्यात आली, त्या दिवशी त्यांनी पाय हलवला. मग मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

असलमला राग आला होता, आणि आता त्या रागाचीच लाज वाटली.

"आज सांगायचं ठरवून आले होते," अक्का म्हणाल्या. "ते बसले तेव्हा त्यांचं तोंड पाहिलंस ना? माझ्याने नाही होत."

असलम पुन्हा गाडीसमोर जाऊन उभा राहिला. त्याने नानांच्या डाव्या बाजूचा हात वर केला आणि या वेळी खाली घेतला नाही. खांदा भरून आला तरी घेतला नाही.

"हात वर कर ना, असलम," नाना आतून म्हणाले. "कवयना वाट देखत बठेल शे मी."

"वर आहे, नाना."

नानांनी मान हळूहळू डावीकडे वळवली, आणखी वळवली, आणि एका ठिकाणी त्यांना तो काळा तेलकट हात सापडला. त्यांनी मान सरळ केली. पुन्हा वळवली. पुन्हा सरळ केली. एखादा आवाज नक्की कुठून येतो ते शोधावं, तसं ते करत होते. मग त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

अक्का खिडकीपाशी येऊन उभ्या होत्या.

"कवयपासून ठाऊक शे तुले?"

"नाशिकपासून."

"आन तरी बी गाडी करू दिधी."

"मी शिकलेय," अक्का म्हणाल्या. "शीतलच्या गाडीवर. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा लेकीनं शिकवलं. तिच्या गाडीलाही क्लच नाही. लायसनपण काढलंय."

नानांनी दार उघडलं. उतरायला त्यांना कुणी मदत केली नाही, कारण तशी कुणाची छाती झाली नाही. बॉनेटवर हात टेकत ते गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले. ट्रकवर क्लीनर बसतो ती ही जागा. डावीकडून कोण येतं ते पाहून 'येऊ द्या' म्हणायचं काम त्या जागेचं. उमेदवारीच्या दिवसांत नाना स्वतः तिथेच बसून ड्रायव्हरचा डावा डोळा झाले होते. त्यांनी चाचपून दार उघडलं आणि बसले.

अक्का स्टिअरिंगवर बसल्या.

"सीट पुढे ले," नाना म्हणाले. "डावा पाय मागे. त्याले आठे काही काम नही."

गाडी गॅरेजमधून बाहेर निघाली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. असलम मागून चालत आला होता. ट्रक, रिक्षा, दुचाक्या दोन्हीकडून धावत होत्या. अक्कांनी डावीकडे, नवऱ्याकडे पाहिलं. ते जायला सांगतील म्हणून त्या थांबल्या होत्या.

नाना समोर बघत होते.

"मन्हाकडे नको देखू, शीतलनी माय," ते म्हणाले. "इकडलं माले दिखत नही. दोन्ही बाजू तूच देखजो."

अक्कांनी त्यांच्या पलीकडचा रस्ता पाहिला, मग उजवीकडचा पाहिला, आणि ब्रेकवरचा पाय उचलला.