पुट्टीखालचं दार

दसरा झाला की कोयते बांधायचे आणि कारखान्याची वाट धरायची, एवढंच सहादेवला ठाऊक होतं. यंदा मात्र तो गेला नाही. गुडघ्यानं दगा दिला होता, आणि त्याच सुमाराला कडूबाईला गावातल्या अंगणवाडीत मदतनिसाचं काम लागलं. दिवाळी सरली, ट्रकच्या ट्रक भरून माणसं गेली, डोंगराकडेची सगळी वस्ती सामसूम झाली, आणि सहादेव आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसून राहिला.

घर म्हणजे दोन खोल्या. इतकी वर्षं तो त्यात पावसाळ्यापुरता राहायचा, तोही दिवसभर रानात. भिंतींकडे बघायचा वेळ कधी आलाच नव्हता. आता बघितल्या तर कुठं पोपडे सुटलेले, कुठं चुलीच्या धुरानं काळं झालेलं.

"आता हितंच राहायचं म्हणता, तर घर जरा घरावानी दिसू द्या," कडूबाई म्हणाली. "आन् माझी भांडी ठिवायला एक फळी ठोका. किती दिस बोचक्यात ठिवू?"

गवंडी, रंगारी लावायचा सहादेवचा विचार नव्हता. मोबाईलवर एक माणूस भिंत रंगवताना त्यानं पाहिला होता. पांढरा शर्ट घालून त्यानं अख्खी खोली रंगवली आणि शर्टावर एक ठिपका उडू दिला नाही. सहादेवनं तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की आपल्याला हे येतंच, असं त्याला वाटायला लागलं.

पाथर्डीला छगनशेठच्या हार्डवेअरमध्ये गेल्यावर ते वाटणं पहिल्या पाच मिनिटांतच उतरलं.

"रंग द्या," सहादेव म्हणाला.

"कुठला? आतला का बाहेरचा?"

"घराचा."

"अहो, घराचाच. डिस्टेंपर देऊ का इमल्शन? खाली पुट्टी मारलीय का? प्रायमर?"

सहादेवनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. छगनशेठनं रंगांचं कार्ड पुढं सरकवलं. त्यात नुसते पिवळेच इतके होते की सहादेवचे डोळे फिरले. त्यातल्या एकावर त्यानं बोट ठेवलं आणि ते जागेवरच राहिलं की घसरलं, हे न बघताच कार्ड परत दिलं.

मग निघाली फळीसाठी भोकं पाडायची मशीन. भाड्यानं मिळत होती. छगनशेठनं ड्रिल हातात दिली, वर स्क्रू, भोकात ठोकायच्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या, आणि विचारलं, "बिट कसलं देऊ? आखूड का लांब?"

आखूड म्हणजे कमी, एवढं सहादेवला समजत होतं. "लांबच द्या," तो ठसक्यात म्हणाला. दुकानात आल्यापासून ठामपणे दिलेलं हे त्याचं पहिलंच उत्तर होतं.

घरी येऊन त्यानं कामाला हात घातला. पॉलिश पेपरनं भिंत घासली तर धुळीनं तोच पांढरा झाला. पुट्टी कालवली ती आधी ताकासारखी झाली, मग पावडर टाकली तर गोळाच झाला. पट्टीनं ओढायला गेला की मागची पुट्टी पुढं यायची आणि पुढची खाली पडायची. कडूबाई अंगणवाडीतून आली की दारात उभी राहून बघायची आणि तिथून आणलेलं पोरांच्या खिचडीचं पातेलं घासायला घ्यायची. पण होता होता भिंत सपाट झाली. रंग कार्डावर होता तसा काही आला नाही. कार्डावर लिंबू होता, भिंतीवर पपई झाली. तरी खोली उजळली.

सगळ्यात जास्त पुट्टी खाल्ली ती मधल्या भिंतीनं.

त्या भिंतीपलीकडे त्याचा थोरला भाऊ रामहरी राहायचा. बापाचं घर एकच, वाटणीत दोघांना दोन-दोन खोल्या आल्या, आणि मध्ये होतं एक दार. आई त्या दारातून ये-जा करत सकाळी तिकडं जेवायची, संध्याकाळी इकडं. दोघं भाऊ बायकोपोरांसह ऊस तोडायला गेले की म्हातारी एकटीच दोन्ही घरं राखायची. अशाच एका हंगामात ती गेली. सहादेव कर्नाटकातल्या कारखान्यावरून मातीला धावत आला, तर आई अंगणात ठेवलेली आणि घरात मधलं दार नाही. दाराच्या जागी विटा, वर लिंपण.

त्या वेळी विचारायची शुद्ध नव्हती. पण त्याच्या मनानं घेतलं ते घेतलं. रामहरी संक्रांतीला मध्येच चार दिवस गावी येऊन गेला होता. त्यानंच बुजवलं. आई जिवंत असताना तिची वाट बंद केली. दहाव्याला दोघांनी शेजारी बसून डोकी भादरली, पण एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. रामहरीही बोलला नाही, तेव्हा सहादेवची खात्रीच पटली. अपराधी माणूस काय तोंड उघडणार? तेव्हापासून दोन्ही घरांचे उंबरे वेगळे, अंगणात मध्ये बोरीची काटेरी फांदी. पुढं रामहरीनं ऊसतोड सोडली आणि दूध डेअरीची पिकअप चालवायला घेतली, हे सहादेवला लोकांकडून कळलं.

बुजवलेल्या दाराच्या कडेनं भिंतीवर उभी भेग पडली होती. ती दिसली की सहादेवच्या कपाळावर आठी यायची. या वेळी पुट्टीनं ती भेग त्यानं अशी काही भरली की भिंत एकसंध झाली.

फळी बसवायची ती याच भिंतीवर, असं कडूबाईनं सांगितलं होतं. सकाळी ती अंगणवाडीला निघायच्या आधीच त्यानं मशीन काढली.

"दार व्हतं ती जागा सोडा," ती म्हणाली.

"सोडतोय की." असं म्हणून सहादेव भिंतीसमोर उभा राहिला आणि गोंधळला. दार नेमकं कुठं होतं? त्यानं आढ्याकडे बघितलं, खिडकीपासून वीत मोजली, बोटांनी ठोकून बघितलं. इकडंही ठक वाजायचं, तिकडंही ठकच. आपणच मिटवलेली खूण आपल्याला सापडेना.

"हितं आसंल," तो म्हणाला आणि हातभर बाजूला सरकून बिट टेकवलं.

मशीन घुर्रऽऽ करत सुरू झाली. दगडामातीची भिंत, दीड हात जाडीची, वेळ लागणार म्हणून त्यानं सगळा भार टाकला. बिट असं आत शिरलं जसं भाकरीत बोट. मशीन मुठीपर्यंत भिंतीला जाऊन आपटली, आत काहीतरी सरकलं, आणि पलीकडून धप्प आवाज आला. त्यामागोमाग बाईची किंकाळी.

"अगं आई गं! भिंत अंगावर आली!"

सहादेवनं मशीन ओढली तशी इकडची अर्धी वीटही लिंपणासकट त्याच्या पायाशी पडली. भिंतीला खिडकीएवढं नाही, पण चेहऱ्याएवढं भोक पडलं होतं, आणि त्या भोकात त्याच्या भावजयीचा, राजेश्वरीचा, चेहरा होता. तिच्या केसांवर धूळ होती.

"भावजी?" ती म्हणाली.

इतक्या वर्षांत ती त्याच्याशी बोलली नव्हती. तो म्हणाला, "फळी ठोकत हुतो."

"आमच्या घरात?"

राजेश्वरीच्या मागं रामहरी येऊन उभा राहिला. हातात कात्री, दातात चिकटपट्टी. पलीकडे त्यांचंही काम चाललं होतं. विटांचं चित्र असलेला चिकट कागद त्यांनी भिंतीला लावायला घेतला होता, आणि तोच मधोमध फाटून लोंबत होता. कागदातल्या तांबड्या विटा आणि खाली पडलेली खरी वीट शेजारी-शेजारी दिसत होती.

रामहरीनं चिकटपट्टी तोंडातून काढली. "एवढ्या रागानं दार बुजवलंस," तो म्हणाला. "आन् आता तूच फोडतो व्हय?"

सहादेवला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "काय म्हनला?"

"तूच बुजवलं ना दार? आता फोडून काय मिळवलं?"

"मी?" सहादेवनं मागं वळून कडूबाईकडे बघितलं, जणू तिथं दुसरा कुणी सहादेव उभा असावा. "दादा, दार तू बुजवलं. संक्रांतीला आल्ता तवा."

"म्या? संक्रांतीला तर मी याच दारातनं आईला तिळगूळ द्यायला आल्तो तुझ्या घरात!"

"मग कुनी बुजवलं?"

"तूच म्हनायचास, आमच्या कोंबड्या तुझ्याकडं येत्यात, एक दिस हे दार बुजवूनच टाकतो म्हनून. आईला फोन करून सांगितलं आसशील, गवंडी लाव म्हनून."

कोंबड्यांचं खरं होतं. पण ते रागात बोललेलं. आईला फोन त्यानं केला नव्हता, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. मग काही वेळानं तेही पक्कं वाटेना. केला तर नव्हता ना? त्याला आपल्याच डोक्याचा भरवसा वाटेनासा झाला. समोर भाऊ उभा, तोही तसाच बावचळलेला. खोटं बोलणारा माणूस असा दिसत नाही. आणि मी तरी कुठं खोटं बोलतोय?

"आवो, तुमी दोघंबी थांबा," कडूबाई पुढं होऊन म्हणाली. तिनं भोकात हात घालून एक वीट हलवली. ती दातासारखी हलली. "ह्यात सिमेट न्हाई. नुसत्या चिखलात लावल्यात. कायमचं बुजवनारा आसं बुजवल का?"

राजेश्वरी म्हणाली, "त्या साली समदे कारखान्याला गेल्ते. गावात गवंडी एकच राहिला व्हता. भिमाजीआबा."

भिमाजीआबा पुढं नेवाशाला लेकीकडे राहायला गेला होता. रामहरीकडे त्याच्या जावयाचा नंबर होता, कारण जावई डेअरीला दूध घालायचा. रामहरीनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकून भोकात धरला, म्हणजे दोन्हीकडे ऐकू जाईल. म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. रामहरीला तीन-तीनदा ओरडून विचारावं लागलं.

"कोन, तुमच्या आईचं, सखूबाईचं दार व्हय?" शेवटी आवाज आला. "मीच बुजवलं की. चौकट वाळवीनं पार खाल्ली हुती. हात लावला की भुगा. म्हातारी म्हनली, कवाबी अंगावर पडंल, आन् थंडीबी लई येती. पोरं आली की नवी चौकट बसवतील, तवर विटा लावून ठिव. म्हनून तर चिखलात लावल्या, काढायला सोप्या पडाव्या म्हनून. काढल्या न्हाईत का आजून?"

फोनमधून म्हातारा "हॅलो, हॅलो" करत राहिला, मग फोन बंद झाला.

सहादेव खाली बसला. पायाशी अर्धी वीट होती, ती त्यानं हातात घेतली. इतकी वर्षं त्याच्याजवळ राग होता, आणि तो कुणावर ठेवायचा हे ठरलेलं होतं. आता राग तसाच होता आणि ठेवायला जागा नव्हती. भावावर धरावा तर त्यानं काही केलं नव्हतं. आईवर धरावा तर ती थंडीनं कुडकुडत होती. वाळवीवर का कुणी राग धरतं?

"तुला काय म्हनली हुती आई?" भोकातून रामहरीनं विचारलं. "शेवटच्या फोनला?"

सहादेवनं आठवून बघितलं. उसाच्या फडातून बोलला होता तो, रेंज येत-जात होती. "म्हनली, आलास की घरात थोडं काम हाय. मी म्हनलं, बरं. काय काम ते इचारलंच न्हाई."

रामहरीनं भोकातली एक सैल वीट चाचपली. मग म्हणाला, "मलाबी तेच म्हनली. मी म्हनलं, सहादेव करंल."

त्यावर हसावं की रडावं ते सहादेवला कळेना. त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो दोन्हीतला कुठला, हे कडूबाईलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात पलीकडून एक वीट सरकली. रामहरीनं ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरीला हात घातला. सहादेव थोडा वेळ बघत राहिला, आणि मग उठून त्यानंही आपल्या बाजूनं एक ओढली. नवी पुट्टी ढासळत होती, पपईचा रंग पोपड्यांनी खाली पडत होता, तिकडं विटांचा कागद फाटत होता. राजेश्वरी "आरं, हळू" म्हणाली, पण तिनंच पदर खोचून मलबा भरायला घमेलं आणलं. कडूबाईला त्या दिवशी अंगणवाडीला उशीर झाला.

दुपारपर्यंत माणूस जाईल एवढी वाट झाली. तिथून आधी गेलं ते रामहरीच्या शेळीचं करडू. ते इकडं आलं, फळीसाठी आणलेल्या लाकडाचा वास घेतला आणि परत गेलं.

चौकट बसवायची हे दोघांना मान्य झालं. पुढं मात्र अडलं. रामहरी म्हणाला, दार माझ्या घरात उघडू दे, माझी खोली मोठी हाय. सहादेव म्हणाला, न्हाई, माझ्याकडं उघडू दे, तुझ्याकडं उघडलं तर आई झोपायची तिथं दाराचा धक्का लागंल. आई आता तिथं झोपत नव्हती, हे बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. रामहरीच्याही आलं असावं, कारण तो पुढं वाद घालेना.

संक्रांत येऊन गेली तरी त्याचा निकाल लागला नव्हता. चौकट बसली, तिला दार नाही. राजेश्वरीनं जुन्या लुगड्याचा पडदा टाकलाय. वारा सुटला की तो एकदा इकडं फुगतो, एकदा तिकडं, आणि त्याच्याखालून रामहरीच्या कोंबड्या खुशाल सहादेवच्या घरात येतात.