दाराशी ठेवलेल्या सपाता

घरात नवं माणूस आलं, तरी जुन्याची खुंटी रिकामी करायला हात लवकर धजत नाही. हे कोणत्या घराला ठाऊक नाही? ही गोष्ट चर्चच्या आवारातल्या घराची, आणि नवं माणूस म्हणजे नवे फादर.

आधीचे फादर एकोणीस वर्षं राहून बदलीवर गेले. चर्चच्या चाव्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळे चावीमावशी म्हणत. नव्या फादरांविषयी कुणी विचारलं तर त्या म्हणत, पोर गुणी आहे, नाव ठेवायला जागा नाही, पण आमचे फादर ते आमचे फादर.

तिसऱ्या आठवड्यात नव्या फादरांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि हळूच विचारलं, "मावशी, या घरात आणखी कोणी राहतं का?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. रोज सकाळी त्यांच्या खोलीच्या दाराशी जुन्या सपाता असतात, बोटांकडची बाजू आत वळवलेली. वेदीवरचं पुस्तक ते बंद करून जातात, सकाळी ते जुन्याच खुणेवर उघडं असतं. जेवायच्या टेबलाशी खिडकीकडची खुर्ची ओढलेली दिसते, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. पापनिवेदनाला, म्हणजे लोकांची पापांची कबुली ऐकायला, ते चर्चमधल्या जाळीच्या दोन छोट्या खोल्यांपैकी उजवीकडच्या खोलीत बसतात, तर माणसं जुन्या फादरांच्या डावीकडच्या रिकाम्या जाळीशी गुडघे टेकून कुजबुजतात.

"काल त्या रिकाम्या खोलीतून कुणीतरी खोकलं," फादर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. "बिशपांना पत्र लिहिलंय, मला इथून हलवा म्हणून. रविवारी टाकणार आहे."

मावशींच्या अंगावर सर्रकन काटा आला. सपाता त्या स्वतःच ठेवत होत्या, आठवण म्हणून. पण पुस्तकाला त्यांनी बोट लावलं नव्हतं. खुर्चीलाही नाही. मग कोण?

त्यांनी जुन्या फादरांना फोन लावला. नवे फादर जे म्हणाले ते सगळं सांगितलं.

"मावशी," ते म्हणाले, "इथे माझ्या खुंटीवर रोज कुणाची तरी छत्री लटकलेली असते. माझ्या आधीच्या फादरांची. ते दुसरीकडे सुखात आहेत, पण इथल्यांनी त्यांचं भूत करून ठेवलंय. आणि तुम्ही माझं. अहो, मी जिवंत आहे! मी इथे एकटा जेवतो. तुमच्या दारातला तो पोरगा म्हणजे मीच आहे, एवढं समजा."

मावशींना रात्रभर झोप लागली नाही. ज्यांच्यासाठी जीव तुटत होता, ते तिकडे परक्या छत्रीखाली उभे होते.

रविवारची प्रार्थना, मिस्सा, संपली तशा त्या सपाता हातात घेऊन सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "या रोज मी ठेवत होते," त्या म्हणाल्या.

मग स्वयंपाकीणबाई पदर सारखा करत उठल्या. खुर्ची त्या ओढून ठेवत. गाण्याच्या मास्तरांनी पुस्तकाचं कबूल केलं. डावीकडच्या जाळीचा विषय निघाला तशा अर्ध्या माना खाली गेल्या. ज्याला त्याला वाटत होतं, आपण करतो ते एवढंसंच. त्या एवढ्याएवढ्यातून सगळ्यांनी मिळून एक आख्खा माणूस उभा केला होता.

खोकला मात्र कुणीच कबूल केला नाही.

"फादर, या सपाता मी त्यांना पाठवून देते," मावशी म्हणाल्या. "तुमच्या कुठे ठेवू?"

"मी बूट घालतो, मावशी," नवे फादर म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. पत्र खिशातच राहिलं.

पुढच्या शनिवारी ते डावीकडच्या खोलीत जाऊन बसले. पहिल्या मावशीच गेल्या. गुडघे टेकले, तोच जाळीमागून खोकला आला. मावशी दचकल्या. मग जाळीखालच्या फटीतून बूट दिसले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

वाचकहो, गेलेल्यावर माया जरूर करावी. पण त्याच्या रिकाम्या जागेवर पहारा करू नये. त्याने गेलेल्याचं भूत होतं आणि आलेल्याचा जीव जातो. आपलं माणूसही कुठेतरी कुणाच्या दारात नवं असतं. तिथे त्याला जसं घ्यावं असं वाटतं, तसं इथे आलेल्याला घ्यावं.