बोगद्यावरचं पाणी

तिची प्रयोगशाळा खाडीखालच्या बोगद्यात होती. दूर आकाशातून येणारे किरण दगडमाती भेदून तिथवर उतरत आणि ती यंत्र लावून त्यांना मोजत बसे. बोगद्यातली ट्रॉली दुपारी बारालाच मिळायची, म्हणून मोजणीही बाराची. अमावस्या-पौर्णिमेला किरण कमी, अष्टमीला जास्त! दर महिन्याला तेच. चंद्र आभाळाचं दार लोटून घेतो की काय? ती हरखूनच गेली.

आणि घरी जाऊन वडलांना सांगून बसली. वडलांनी जन्मभर त्याच खाडीत फेरीबोट चालवलेली. दृष्टी गेल्यापासून खाट धरलेली, हसणं तर विसरलेच होते. आता मात्र हसत हसत न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत एकालाही सोडेनात. "आमच्या पोरीनं चंद्राची चोरी पकडली!"

एका पौर्णिमेला ट्रॉली बिघडली आणि ती आतच अडकली. यंत्राशेजारी पेंगत बसली होती. दुपार कलली तसे आकडे चढू लागले. अरेच्चा! पौर्णिमा तर अजून सरली नव्हती. तिनं वर पाहिलं. छत कोरडं ठणठणीत, आणि त्याच्यावर अख्खी खाडी! अमावस्या-पौर्णिमेला इथं बाराला उधाणाची भरती असते, अष्टमीला ओहोटी. आता ती भरती ओसरू लागली होती. किरण अडवत होतं ते पाणी. हवा मोजली, सूर्य मोजला, डोक्यावरचं पाणी तेवढं राहिलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

शोध गेला तर गेला. पण त्याबरोबर बाबांचं हसूही जाणार होतं. तरी तिनं सांगितलं.

"बाबा, चंद्र नव्हे, पाणी अडवतं. मीच चुकले."

ते उशीवरून मान उचलत म्हणाले, "म्हणजे पाणी चढलं-उतरलं, ते तुला न बघता कळतं?"

"कळतं."

त्यांनी चाचपडत तिचं मनगट धरलं. "मग मलाही कळव ना गं."

तिनं यंत्राला तार जोडली आणि आकड्यांचा सूर करून तो त्यांच्या उशाशी आणला. भरतीला सूर खाली, ओहोटीला वर. पहिल्या दिवशी ते डोळे मिटून ऐकत पडले. सूर हळूहळू वर सरकला, तसा त्यांचा हात पांघरुणाबाहेर आला आणि हवेत सुकाणू धरल्यासारखा वळला.

"डावीकडून घेतो," ते हसून म्हणाले, "मधली वाळू उघडी पडली असेल."