गोगलगायीचं काय?

नेदाला सप्टेंबरात पहिलीत बसवायचं, असं कोसारा आजीने लेकीला फोनवर कबूल केलं होतं. लेक-जावई व्हिएन्नात कामाला, पोर आजीपाशी. पण सर्बियात नुसतं वय भरून भागत नाही. शाळेच्या मानसशास्त्रज्ञ बाई आधी मूल तपासतात. त्या 'तयार आहे' म्हणाल्या तर नाव लागतं, नाहीतर आणखी एक वर्ष अंगणातल्या कोंबड्यांची सोबत.

गावात या तपासणीची घोकंपट्टी चालते. शेजारची रादोइका कुंपणावरून सांगायची, "आमच्या नातवाने महिने उलटे म्हणून दाखवले, उलटे!"

सुलटे आले तरी देवाची कृपा, असं कोसारा मनात म्हणायची. तिने नेदाला रंग शिकवले, डावं-उजवं शिकवलं, आणि शेवटी बजावलं, "विचारलं तेवढंच बोलायचं. घरातलं काही सांगायचं नाही."

"घरातलं म्हणजे काय काय?"

"सगळंच."

मे महिन्यातल्या एका बुधवारी दोघी शाळेत गेल्या. स्नेजाना बाई तरुण होत्या, शहरातून यायच्या. टेबलावर दुधाच्या कॉफीचा कप वाफाळत होता.

"आजी, तुम्ही दाराशी बसा. पण मध्ये एक शब्द बोलायचा नाही हं."

"मी कशाला बोलते, पोरी," असं म्हणून कोसारा लोकरीची जपमाळ घेऊन बसली.

सुरुवात छान झाली. नेदाने माणूस काढला, त्याला पाच-पाच बोटंही दिली. वीसपर्यंत मोजलं. मग बाईंनी चित्रांचे पत्ते मांडले. गाय, कोंबडी, मासा, गोगलगाय, चीज, अंडं, राजमा, सफरचंद, पाव.

"जे जे एकत्र शोभतं, ते एकत्र ठेव बरं."

नेदाने गाय, कोंबडी, चीज आणि अंडं एकावर एक रचलं. राजमा, सफरचंद आणि पाव दुसरीकडे. मासा एकटाच, लांब. गोगलगाय तिच्या हातातच राहिली. ती पालथी घालून पाहिली, सुलटी करून पाहिली, काही जमेना.

कोसाराची जपमाळ जागच्या जागी थांबली. पोरीने काय केलंय, हे तिला एका नजरेत कळलं. बाईंना ते कसं कळणार?

"गाय आणि चीज एकत्र का गं?"

नेदाने आजीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"आणि मासा एकटा का?"

ओठ आणखी घट्ट. बाईंनी मान हलवली आणि कागदावर लिहायला घेतलं. पेन बराच वेळ चाललं. चांगलं लिहायला एवढा वेळ लागत नाही, हे कोसाराला सत्तर वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. पोरीचं तोंड आपणच शिवलंय. आता आपला शब्द पाळत बसलो, तर पोरीचं वर्ष जाणार. देवा, माफ कर.

"नेदा," ती हळूच म्हणाली, "सांग बाईंना. घरातलंही सांग."

"आजी!" बाईंनी दटावलं.

"एवढंच. आता नाही बोलत."

मग काय, नेदाचं धरणच फुटलं.

"आज बुधवार ना, बाई! बुधवारी आणि शुक्रवारी उपवास, तेव्हा हे चालत नाही आणि हे चालतं. गाय चालत नाही म्हणून तिचं चीज पण नाही. कोंबडी नाही म्हणून अंडं नाही. मासा मधला. सणाचा उपवास असला तर चालतो. संत निकोलाच्या दिवशी आमच्याकडे एवढ्ढा मोठा कार्प मासा होता, त्याचं डोकं काकाने खाल्लं. आणि बाई, तुमचा कप कुठे ठेवू?"

"का गं?"

"दूध आहे ना त्यात," असं म्हणून नेदाने तो दोन्ही हातांनी गाईशेजारी सरकवला.

बाईंनी हसू दाबलं. मग जरा गंभीर होऊन विचारलं, "तुला कुणी करायला लावतं का उपवास?"

"छे! आजी म्हणते, मोठी झालीस की कर. मी दुपारपर्यंतच करते. मग भूक लागते."

कोसाराने खाली मान घातली. बाईंनी पत्ते गोळा केले आणि पुन्हा पसरले.

"आता समज, आज गुरुवार आहे. सगळं चालतं. लाव बघू."

नेदाने नाक खाजवलं. मग गाय, कोंबडी, मासा एका रांगेत आले, आणि शेवटी गोगलगायही. उरलेलं सगळं दुसऱ्या रांगेत. "हे जिवंत, हे जेवायचं. हे तर सोपंय."

बाईंनी आधीचं लिहिलेलं खोडून खाली नवीन लिहिलं. या वेळी पेन पटकन थांबलं.

"पण नेदा, बुधवारी गोगलगायीचं काय?"

नेदाने आजीकडे पाहिलं. आजीने तोंडावर हात ठेवला.

"बोला आजी, आता बोला की."

"मलाही ठाऊक नाही, पोरी. रविवारी पाद्रीबाबांना विचारते." कोसारा उठली. "पण... नाव?"

"लागलं. एक सप्टेंबरला दप्तर घेऊन पाठवा."

दारातून कोसाराने मागे पाहिलं. बाईंचा हात कपाकडे गेला होता, तो अर्ध्यावर थांबला. कप नेदाने सरकवला होता तिथेच निवत राहिला.

शाळेच्या अंगणात आल्यावर नेदाने आजीचा पदर ओढावा तसा तिचा एप्रन ओढला. "आजी, दुपार झाली का?"

चर्चच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते. कोसाराने पिशवीतून पोरीसाठी आणलेलं चीज भरलेलं पॅटिस काढलं आणि घड्याळाकडे पाठ केली.

"झाली हो, झाली."