या मग

फोन आला तेव्हा मी नळाखाली चादर पिळून राहिली होती. ओल्या हातानंच उचलला. पलीकडं एक पोट्टी, आवाज दाबून बोलणारी.

"रत्नमालाकाकू का? मी तृप्ती, कारध्याच्या साडीच्या शोरूममधून. काका इथं आले आहेत."

"मंग येतीलच ना," मी म्हटलं. "आज पहिला दिवस हाय त्यायचा."

तिनं आवाज आणखी दाबला. मंग म्हणते, "काकू, काकांना कोणी बोलावलंच नव्हतं. सरांना साडीच्या सेक्शनला लेडीज पाहिजे. मी आज फोन करून कळवणारच होती."

"काहून नाही बोलावलं? तुमच्या मालकानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं, सोमवारपासून लग्नाचा सीझन सुरू होते, या मग."

"अहो काकू, ते 'या मग' म्हणजे... निघा आता, असं."

माझ्या हातातली चादर मोरीत पडली. ती पोट्टी बोलतच होती. सर अकराच्या आत येतात, म्हणे. मागच्या आठवड्यात त्यांनी एका म्हाताऱ्या वॉचमनले गिऱ्हाइकांसमोर दंड धरून बाहेर काढलं. काका सकाळपासून साड्यांच्या घड्या लावून राहिले, मले नाही सांगवत त्यांना, तुम्ही येऊन घेऊन जा, म्हणे. मी काय म्हटलं ते मले आठवत नाही. बहुतेक शिवीच देल्ली असन.

आता तुमीच सांगा, ह्यात आमची काय चूक? आपल्याकडं निघालेल्या माणसाले कोणी "जा" म्हणते का? मी सुद्धा म्हणत नाही, अन् माझ्या तोंडाले तं सारी गल्ली भिते. पाहुणा चपला घालाले लागला का आपण "या मग" म्हणतो, अन् त्यालेही समजते का आता निघाचं हाय. मले हे माहीत नव्हतं असं नाही. पण आठ महिने ज्या घरानं फक्त "कळवतो" ऐकलं, त्या घराले "या" कसं ऐकू येईन?

खेमराज म्हणजे आमचे हे. मूळचे आंधळगावचे, घरी मागावर लुगडी विणायचे. माग बंद पडला तेव्हा भंडाऱ्याचे भैय्याजी कुठल्याशा लग्नात जेवाले आले होते. ते म्हणाले, येतोस का बे माझ्या दुकानात, अन् हे गेले. जन्मात ह्या माणसानं नोकरी शोधली ती एवढीच. तेव्हापासून भैय्याजीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर मांडी घालून बायांले साड्या दाखवल्या. मंग भैय्याजी म्हातारे झाले, पोरं नागपूरले राहाले गेली, अन् एक दिवस शटर खाली आलं ते आलंच.

पंचावन्नाव्या वर्षी ह्यायले कळलं का बायोडाटा नावाचं काहीतरी असते. त्याच्यावर नंबर माझा टाकला, कारण अनोळखी नंबर दिसला का हे घाबरून फोन कापून टाकत. ज्या दुकानात गेले तिथं सारे गोड बोलले. बसा काका, पाणी घ्या काका, कळवतो काका. बाजारात जाचं असलं तं हे मागच्या गल्लीतून जात, भैय्याजीचं बंद दुकान दिसू नये म्हणून. नंतर नंतर बाजारातच जाईनात.

कोणीतरी सांगितलं, आताच्या शोरूममध्ये गादी नसते, दिवसभर उभं राहा लागते. तं हा माणूस पंधरा दिवस सैपाकघरात उभा राहून चहा प्याला, उभा राहून जेवला, उभा राहून पेपर वाचला. "पायायले सवय लावून राहिलो," म्हणे. मी तोंडावर हासली. मंग न्हाणीत जाऊन रडली.

पुलापलीकडच्या कारध्याच्या शोरूममध्ये अनुप नावाच्या पोरसवदा मालकाले मुलाखत देऊन आले त्या दिवशी दारातच उभे राहून मले शब्द न् शब्द सांगितला. अन् विचारलं, "रत्ना, हे 'या' कोणतं असन वो?"

"कोणतं म्हणजे? या म्हणजे या," मी म्हटलं. "हाकलाचं असलं तं कोणी सोमवार सांगून हाकलते का?"

ह्यायनं माझ्याकडं पाहिलं, अन् हळूहळू तोंडभर हासले. मी संध्याकाळीच चक्कीवर साऱ्या बायांले सांगून आली. बस, झालं. सोमवारी हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या गल्लीतून, भैय्याजीच्या दुकानासमोरून गेला.

मी तशीच ओल्या पदरानं ऑटोस्टँडवर आली. ऑटोवाला सीटा भराची वाट पाहून राहिला होता. "बसा ना काकू, दोन सीटा आल्या का निघतो." मी म्हटलं, "साऱ्या सीटा माझ्या, चाल." त्यानं माझं तोंड पाहिलं अन् मुकाट्यानं किक मारली.

वैनगंगेच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती. एकही चाक हालेना. मी ऑटोतून मान बाहेर काढून पाहे, अन् मले दिसे ते एकच: त्या पोरसवदा मालकानं ह्यायचा दंड धरला हाय अन् गिऱ्हाइकं पाहून राहिली हाय. मले मनातून भेव लागलं होतं. पैशाचं काय, आम्ही दोन वेळच्या जागी एक वेळ जेवलो असतो. पण हा माणूस असा हाकलला गेला, तं पुन्हा तो कोणाच्या दारात उभा राहिला नसता. घराच्या बाहेरच निघाला नसता. मी ऑटोवाल्याच्या पाठीवर थाप मारून मारून त्याले हॉर्न वाजवाले लावला, जसं काही त्याच्या हॉर्ननं ट्रक हालणार होते.

शोरूमचं साडीचं सेक्शन वरच्या माळ्यावर होतं. काचेचा दरवाजा, आत गारठा. तृप्ती दारातच उभी होती, तोंड उतरलेलं. तिनं नुसतं बोट दाखवलं.

आमचे हे काउंटरमागं उभे होते. समोर लग्नाच्या साड्या घ्याले आलेले सानगडीचे पाहुणे: नवरीची माय, नवरी अन् एक मावशी. ह्यायनं साडीचा पदर आपल्याच खांद्यावर टाकला होता, भैय्याजीच्या दुकानात टाकायचे तसा, अन् जरासे वळून काठ दाखवून राहिले होते. बाकीचे विकणारे पोट्टे एकमेकायले कोपर मारून हासत होते. ह्यायले त्याचं काही नव्हतं. आठ महिन्यांत मी असं तोंड पाहिलं नव्हतं ह्यायचं.

कसं सांगू आता ह्या माणसाले, घरी चला म्हणून?

"अजी," मी म्हटलं.

"अरे, तू कशी आली?" हे म्हणाले, अन् त्या पाहुण्यायले सांगाले लागले, "ही आमची घरची."

"बरं झालं बाई आली तं," नवरीची माय म्हणाली. "आता तुमीच सांगा. ही मोरपंखी चांगली का ही लाल? मघापासून डोकं फिरून राहिलं."

माझं ध्यान सारं दरवाज्याकडं. हे लवकर उरकलं तं ह्यायले घेऊन निघता आलं असतं. मी ताडकन म्हटलं, "माय, साडी तुमी नेसणार हाय का तुमची पोरगी? पोट्टीच्या हाताकडं पाहा जरा. मी आली तवापासून त्या जांभळीवरून तिचा हात उठला नाही. तिले कोणी विचारलं का?"

नवरी लाजून खाली पाहाले लागली, पण हात काही काढला नाही. मावशी हासली. मायनं कपाळावर हात मारला अन् म्हणाली, "बांधा हो ती जांभळी. अन् मोरपंखी बी राहू द्या, मले होईन."

"वा," मागून कोणीतरी म्हटलं.

मी वळून पाहिलं. तिशीतला पोट्टा, हातात गाडीची चाबी. तृप्ती भिंतीले चिकटून उभी. हाच अनुप, मालक. बोलण्याच्या नादात माझं ध्यान दरवाज्यावरून हटलं होतं; कधी आला अन् किती वेळ उभा होता, कोण जाणे.

पाहुणे बिल कराले खाली गेले तवरी तो थांबला. मंग ह्यायच्या खांद्यावरच्या पदराकडं पाहून म्हणाला, "काका, तुम्हाले कोणी बोलावलं?"

"तुमीच म्हटलं ना भाऊ," हे म्हणाले. "सोमवारपासून सीझन हाय, या मग."

"अहो काका," अनुपनं डोकं खाजवलं. "जाणाऱ्या माणसाले काय जा म्हणू का मी?"

त्यानं दंड धरला नाही. ओरडला बी नाही. ह्यायचे कान लाल झाले. खांद्यावरचा पदर खाली घेतला अन् साडीची घडी घालाले लागले. घडी नीट बसेना, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. हासणारे पोट्टे आता हासत नव्हते.

"चुकलं माझं," हे म्हणाले. "ऐकण्यात चुकलं."

अनुप माझ्याकडं वळला. "काकू, तुम्ही कुठं काम करता?"

"घरी," मी म्हटलं. "दुसरं कुठं?"

"साडीच्या सेक्शनले मले बाईमाणूस पाहिजे. असं तोंडावर बोलणारं. उद्यापासून या." अन् मंग घाईघाईनं म्हणाला, "म्हणजे खरंच या."

मले वाटलं ह्याच्या थोबाडीत द्यावी. माझ्या माणसासमोर, तो अजून साडीची घडी घालून राहिला असताना? "मी नाही," मी म्हटलं. "घ्याचं असन तं ह्यायले घ्या."

"काकू, जागा एकच हाय. अन् बायांले आता बाईच पाहिजे समोर. मी तरी काय करू?"

"तं ठेवा तुमची जागा तुमच्याजवळ."

हे तोपर्यंत जिना उतरून गेले होते. मी धावत मागं गेली. सडकेच्या कडेले उभे होते, ट्रकांच्या धुरात.

"चला जी घरी," मी म्हटलं. "नाही म्हणून आली मी त्याले. तुमचा असा अपमान करते अन् वरून मले नोकरी देते, मोठा आला."

"काय म्हटलं तू?"

"नाही म्हटलं."

लग्न झाल्यापासून ह्या माणसानं माझ्यावर आवाज चढवला नव्हता. चढवाचं काम मीच करत होती. त्या दिवशी ते भर सडकेवर ओरडले, "काहून? काहून नाही म्हटलं?"

"अजी, तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी? आठ महिने मी लोकायच्या पायऱ्या चढून राहिलो. एक जण, एक माणूस मले 'उद्यापासून या' म्हणन म्हणून. तुले तो आपल्या तोंडानं म्हणाला, अन् तू फेकून आली? काय समजतं तू, हे रोज भेटते का?" ह्यायनं रुमालानं तोंड पुसलं अन् हळू आवाजात म्हणाले, "वर जा, रत्ना. आत्ता जा. त्यानं दुसरी पाहाच्या आत जा."

"तुमाले वाईट नाही वाटणार?"

"वाटन," ते म्हणाले. "लय वाटन. तू जा."

मी गेली. मघा तोच जिना मी धावत चढली होती, ह्यायले सोडवाले. आता पाय उचलेना. दर पायरीवर वाटे, तो म्हणन, आता राहू द्या काकू, झालं ते झालं. मी पदर सारखा केला, केस मागं घेतले, कपाळाचा घाम पुसला. काचेच्या दरवाज्याशी येऊन थांबली, अन् मले कळेना का ढकलून आत जावं का कोणी बोलावाची वाट पाहावी. कोणाच्याही दारात माझी बोबडी वळली नव्हती आजपर्यंत.

अनुप काउंटरवर काहीतरी टाइप करत होता. मान वर केली.

"भाऊ," मी म्हटलं, अन् तो माझाच आवाज होता ह्याच्यावर माझा विश्वास बसेना, इतका मऊ. "मघा मी रागात बोलली. काम असन तं... मी करीन."

त्यानं माझ्या केसायकडं पाहिलं, पायायकडं पाहिलं.

"काकू, वय किती तुमचं?"

एकोणपन्नास पूर्ण झाले हाय मले.

"चव्वेचाळीस," मी म्हटलं.